जुन्या शर्यतीच्या मोटारींचा जीर्णोद्धार

मुठा नदीच्या कांठाजवळचें आजचें कर्वेनगर म्हणजे पूर्वींचें हिंगणें बुद्रुक. १९०० सालीं अण्णासाहेब कर्वे यांनीं आपला आश्रम शहरांतून या ओसाड जागेंत आणला आणि एका झोपडींत संसार थाटला. पुढें वस्ती वाढली, बंगले उभे राहिले, आणि आतां त्या बंगल्यांच्या जागीं उंच इमारती येत आहेत. जुन्या बंगल्याच्या कडेला पुष्कळदां एक ठेंगणी खोली असे. घरचे लोक तिला मोटारखाना म्हणत. बंगला पडतो तेव्हां ही खोलीहि जाते. नव्या इमारतींत मोटार उभी करण्यापुरती आंखलेली जागा मिळते. पण मोटारीचे सर्व भाग सोडवून, हत्यारें पसरून, वर्षानुवर्षें काम करीत बसावें अशी जागा मिळत नाहीं.

हें नुकसान किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तथापि शर्यतीच्या मोटारींचा इतिहास पाहिला तर त्यांतील कांहीं फार मोठीं पानें अशाच खोल्यांत लिहिलीं गेलीं असें दिसून येईल. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरीं १९५२ च्या सुमारास ब्रूस मॅक्लारेन नांवाचा शाळकरी मुलगा वडिलांच्या मदतीनें एका जुन्या 'ऑस्टिन सेव्हन अल्स्टर' मोटारीचे सुटे अवशेष जुळवीत होता. त्याच मोटारींतून तो पहिल्या शर्यतींत उतरला, आणि १९६३ सालीं त्यानें स्थापन केलेली संस्था आज जगांतील अग्रगण्य शर्यतसंस्थांपैकीं एक आहे. लंडनमध्यें कॉलिन चॅपमननें १९४८ सालीं आपली पहिली मोटार भावी पत्नीच्या घरामागील शेडमध्यें बांधली. तिचाहि पाया ऑस्टिन सेव्हनच होता. आपल्याकडेहि हा ध्यास अगदींच अपरिचित नाहीं. शर्यतीच्या नव्हे, पण सामान्य माणसाला परवडावी अशा छोट्या मोटारीच्या ध्यासानें कोल्हापूर जिल्ह्यांतील शंकरराव कुलकर्णी यांनीं १९४९ सालीं 'मीरा' मोटारीचा पहिला नमुना सिद्ध केला, आणि पुढें सुमारें पाव शतक ते तींत सुधारणा करीत राहिले.

ऑस्टिन सेव्हनचेंच नांव पुनःपुन्हा कां यावें? १९२२ ते १९३९ या काळांत ती लाखोंनीं निघाली. म्हणून तिचे भाग स्वस्तांत मिळत. तिचा सांगाडा इंग्रजी 'ए' अक्षरासारखा साधा व हलका, आणि इंजिन अवघें ७४७ घनसेंटिमीटरचें. दोन माणसांना तें उचलतां येई. पण साधेपणांतहि खोडी असते. तिच्या पूर्वींच्या इंजिनांतील क्रँक केवळ दोन बेअरिंगांवर फिरे. वेग वाढला कीं तो मध्यें लवे, आणि फार ताणला तर मोडे. शर्यतीसाठीं ती मोटार सजविणाऱ्यास धातूची सहनशक्ति कोठें संपते हें पुस्तकाआधीं हातांनींच शिकावें लागे.

जीर्णोद्धाराच्या कामाला आरंभ होतो तो रंगापासून नव्हे, मोजमापापासून. प्रत्येक भाग सोडवितांना त्याला खुणेची चिठ्ठी बांधावयाची, छायाचित्र घ्यावयाचें, आणि मगच तो धुवावयाचा. कारण गंजाखालींच जुन्या रंगाचे थर आणि कारागिराच्या ठोक्यांच्या खुणा दडलेल्या असतात. सांगाडा वांकला आहे कीं काय हें कर्ण मोजून पाहतात. दोन्ही कर्ण सारखे भरले नाहींत तर कोणे एके काळीं अपघात झाला असावा असें समजावें. त्या काळच्या अनेक इंजिनांत आजच्यासारखीं तयार बेअरिंगें नसत. कथिलाचा मिश्रधातु वितळवून जागेवर ओतावयाचा, कांतावयाचा, आणि शेवटीं निळा रंग लावून, जेथें टेकतें तेथें हातानें खरवडावयाचें. फुटलेल्या ओतीव भागासाठीं प्रथम लांकडाचा साचा करावा लागतो. धातु थंड होतांना आकसतो, म्हणून तो साचा मूळ भागाहून किंचित् मोठा धरतात. सुदैवानें ओतकामाची विद्या महाराष्ट्रांत जिवंत आहे. कोल्हापूरच्या भट्ट्या तिच्यासाठीं प्रसिद्ध आहेत. अवघड पडतें तें एकच नग ओतून देण्यास राजी असणारा कारखानदार शोधणें.

परंतु या सर्वांहून अवघड प्रश्न हातांचा नसून विवेकाचा आहे. देवळाचा जीर्णोद्धार करतांना जुनें काय राखावें व नवें काय घालावें हा वाद आपल्या परिचयाचा आहे. शर्यतीच्या मोटारीसंबंधीं तो अधिक बिकट होतो. कारण ती जपण्यासाठीं जन्मलेलीच नसते. आज हें इंजिन, पुढच्या शर्यतीला दुसरें. आज हें कवच, अपघातानंतर निराळें. मग खरी मोटार कोणती?

हा प्रश्न १९९० सालीं लंडनच्या न्यायालयांत उभा राहिला. १९२९ व १९३० या दोन्ही वर्षीं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणारी 'ओल्ड नंबर वन' ही बेंटली मोटार एक कोटि पौंडांना विकण्याचा करार झाला होता. मूळ मोटारीचें तींत फारसें कांहीं उरलें नाहीं, सबब ती ती मोटारच नव्हे, असें ग्राहकाचें म्हणणें पडलें. न्यायाधीशांनीं मूळचे भाग थोडेच उरल्याचें मान्य केलें. पण बदल क्रमाक्रमानें होत गेले, मोटारीचें चरित्र कोठेंहि खंडित झालें नाहीं, म्हणून तिची ओळख कायम आहे, असा निर्णय दिला. तात्पर्य, मोटारीची सत्यता केवळ लोखंडांत नसते, तिच्या अखंड वृत्तांतांतहि असते.

याच्या उलट टोकाची कथा 'बॅब्स' या मोटारीची आहे. सत्तावीस लिटरचें लिबर्टी विमान-इंजिन बसविलेली ही प्रचंड मोटार जे. जी. पॅरी-थॉमस यांनीं १२५ पौंडांस विकत घेऊन सुधारली, आणि एप्रिल १९२६ मध्यें वेल्समधील पेंडाइनच्या वाळवंटी किनाऱ्यावर ताशीं १७१ मैलांचा विक्रम केला. पुढच्या फेब्रुवारींत माल्कम कँपबेल यांनीं तो मोडला. तो परत मिळविण्याच्या प्रयत्नांत ३ मार्च १९२७ रोजीं मोटार उलटली व थॉमस मरण पावले. भग्न मोटार तेथेंच वाळूंत पुरण्यांत आली.

बेचाळीस वर्षांनीं, १९६९ सालीं, ओवेन विन ओवेन या अभियांत्रिकीच्या शिक्षकानें परवानगी मिळवून ती वर काढली. एका माणसाच्या मरणाची खूण उकरावी काय, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत यावा, आणि तो गैर नाहीं. पत्रा खाऱ्या वाळूनें खाल्ला होता. पण यंत्राचे बरेच भाग उपयोगी पडण्याजोगे निघाले. सुमारें पंधरा वर्षें खपून ओवेन यांनीं ती मोटार पुन्हा चालती केली. चाकें फिरविणारी सांखळी तुटून थॉमस यांचा अंत झाला अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. पुढें मात्र मागचें उजवें चाक निकामी झालें असावें असा तर्क मांडला गेला. मोटार वाळूखालींच राहिली असती तर अशा तर्काची पारख करण्यास साक्षीदारच उरला नसता.

म्हणूनच घरच्या मोटारखान्यांत हें काम करणाऱ्यानें दोन नियम पाळावेत. काढलेला जुना भाग, निरुपयोगी असला तरी, फेंकूं नये. आणि बसविलेल्या प्रत्येक नव्या भागाची तारीखवार नोंद वहींत ठेवावी. चकाकणारा रंग पाहणाऱ्याला भुलवितो, वही मात्र फसवीत नाहीं. आपल्या देशांतहि २०२१ च्या नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना स्वतंत्र नोंदणी दिली आहे. पण सांगाडा, कवच वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. सतत बदलत गेलेल्या मोटारीला ही अट जाचक होते, आणि तेथें प्रामाणिक वहीचें मोल विशेष कळतें.

कर्वेनगरांतील मोटारखाने नाहींसे होत जातील. तथापि अण्णांच्या त्याच भूमींत त्यांच्या संस्थेनें १९९१ सालीं मुलींसाठीं अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केलें आहे. ज्या हातांनीं यंत्राला शिवूं नये असें एके काळीं समाज समजे, त्यांना आज तें रीतसर शिकविलें जातें. घरोघरीं जागा उरली नाहीं, तर चार घरांनीं मिळून एक शेड राखावी, आणि जुन्या मिस्त्रींनीं बेअरिंग खरवडण्याची कला या तरुण हातांत द्यावी. मोटार गंजली तर पुन्हा उभी करतां येते. हातांतली विद्या मात्र वाळूखालून उकरून काढतां येत नाहीं.