मोजणारा कोण?

(कुरकुंभ येथील कार्यकर्त्यांपुढील भाषण)

योजना राबविणाऱ्यानेच ती जोखू नये, या तत्त्वावर १९५२ साली नियोजन आयोगाने समूह विकास योजनेसाठी कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापिली. परंतु मूल्यमापन म्हणजे केवळ आकडेमोड नव्हे, हे मानववंशशास्त्राने दाखविले. इरावती कर्वे व जाई निंबकर यांची कोयना धरणग्रस्तांची पाहणी १९६९ साली प्रसिद्ध झाली. भरपाईच्या वहीत जमीन व घर मावते. भावकी, सोयरीक, शेजार यांना तेथे रकानाच नसतो. म्हणून उठविलेल्या माणसाला विचारल्यावाचून धरणाचा हिशेब पुरा होत नाही.

हीच कसोटी कुरकुंभलाही लागू आहे. येथील रासायनिक कारखान्यांची वसाहत गुंतवणुकीने व उत्पादनाने मोजली जाते. विहिरीचे पाणी आणि कंत्राटी कामगाराचे आयुष्य कोणत्या रकान्यात मांडावयाचे? २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेने मंजूर औद्योगिक वसाहतींतील प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली. म्हणजे ज्याने सोसावयाचे, त्याचीच साक्ष वगळली! उलट, २००५ च्या रोजगार हमी कायद्याने सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला होता. मजुरीच्या कामाला जो न्याय, तो कारखान्याला का नको? मापाची काठी ग्रामसभेच्या हाती यावी, हीच कार्यकर्त्यांची मागणी असली पाहिजे.