‘फील्डवर्क केलंय’

बाई, सर आणि दहावी ‘ब’ची मंडळी,

मी कोडिंग करून पोट भरते, पण आज बोलणार आहे एमएसडब्ल्यूच्या मुलांबद्दल. कंपनीच्या सीएसआर विभागात भरती होती, पॅनेलवर मलाही बसवलं. समाजकार्य शिकलेली एक मुलगी आली. एक्सेलच्या दोन प्रश्नांना अडखळली, मी गुण कापले. अनुभव? “फील्डवर्क केलंय.” पुढे मी विचारलंच नाही.

हे आपल्याच वर्गातल्या, एमएसडब्ल्यू झालेल्या मैत्रिणीला सांगितलं. तिनं मला फैलावर घेतलं. “अगं, आठवड्याचे दोन दिवस वस्तीत नाहीतर रुग्णालयात, प्रत्येक भेटीचा अहवाल, त्यावर पर्यवेक्षकांची उलटतपासणी. दोन वर्षं! तुझी इंटर्नशिप केवढी होती?”

सहा आठवडे. तीही बरीचशी चहात गेली.

मुंबईत १९३६पासून हे शिक्षण दिलं जातंय, आणि मला पत्ता नाही! पण महाविद्यालयांनीही मुलांना बोलायला शिकवावं ना. किती घरांत गेलीस, कुणाचं रेशनकार्ड अडलं होतं, ते कसं सुटलं, हे सांगितल्याशिवाय माझ्यासारखीला कसं कळणार?

आता मी एक्सेलआधी एखाद्या गृहभेटीबद्दल विचारते. त्या मुलीला मात्र फोन केला, तेव्हा ती दुसरीकडे रुजू झाली होती.