मनोरुग्णाची शुश्रूषा व परिचारिकेची पारख

मनोरुग्णालयांत डॉक्टरांची फेरी येते तेव्हां रुग्ण उठून बसतो, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरें देतो किंवा देत नाहीं, आणि थोड्याच मिनिटांत ती भेट संपते. दिवसाचे उरलेले तास त्याच्याजवळ परिचारिका असते. तो जेवला, कीं ताटांतला भात नुसता चिवडून उठला. रात्रीं किती वाजतां जागा झाला. भेटीस आलेल्या आईशीं दोन शब्द बोलला, कीं भिंतीकडे तोंड करून बसला, हें सारें तिच्या डोळ्यांसमोर घडतें. शरीराच्या रोगांत ज्वरमापक, रक्ताची तपासणी, क्ष-किरणांचें चित्र अशीं साधनें हाताशीं असतात. मनाच्या रोगांत रुग्णाचें बोलणें आणि वागणें हेंच निदानाचें मुख्य साधन, व तें वागणें अष्टौप्रहर पाहणारा डोळा परिचारिकेचा. असें असूनहि ‘डॉक्टरांनीं सांगितलेलें औषध वेळेवर देणारी बाई’ एवढीच तिची ओळख लोकांत आहे. ही समजूत केवळ तिच्यावर अन्याय करणारी असती तर एक वेळ चाललें असतें. पण ती रुग्णालाहि महाग पडते.

इतिहासानेंहि हाच पक्षपात केला आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळांत फिलिप पिनेल हा वैद्य वेड्या स्त्रियांच्या बेड्या काढवीत आहे, असें तोनी रोबेर-फ्लरी या चित्रकाराचें १८७६ सालचें चित्र प्रसिद्ध आहे. परंतु त्याच शहराच्या बिसेत्र येथील पुरुषांच्या इस्पितळांत १७९७ सालीं साखळ्या काढणारा मनुष्य पिनेल नव्हता. पिनेल त्यापूर्वीं दोन वर्षें तेथून बदलून गेला होता. तें काम केलें ज्याँ-बॅप्तिस्त प्यूसँ यानें. प्यूसँ कांहीं वैद्य नव्हता. धंद्यानें तो कातडीं कमावणारा. गंडमाळेच्या उपचारासाठीं बिसेत्रमध्यें आला, बरा झाला, तेथेंच चाकरीस राहिला, आणि पुढें वेड्यांच्या विभागाचा प्रमुख झाला. रुग्णांवर हात उगारावयाचा नाहीं अशी त्यानें नोकरांना ताकीद दिली होती. नोकर नेमतांना तो बरे होत आलेले रुग्णच निवडी, कारण त्या अवस्थेंतून गेलेला मनुष्य दुसऱ्याला मारण्यास सहसा धजत नाहीं. त्याची पत्नी मार्गरीत हीहि त्याच्या बरोबरीनें रुग्णांत वावरे. कोणाचा क्षोभ कशानें वाढतो, कोण कोणत्या शब्दानें शांत होतो, याचीं त्यानें टिपणें लिहिलीं. पिनेल १७९३ मध्यें बिसेत्रला आला तो शिकलेला वैद्य म्हणून. पण वेड्या माणसांकडे कसें पाहावें हें तो पुष्कळसें या अशिक्षित कारभाऱ्यापाशीं शिकला, आणि आपल्या १८०१ सालच्या ग्रंथांत त्यानें तें मोकळेपणानें सांगितलें. पुढें १८०२ मध्यें प्यूसँला त्यानें साल्पेत्रिएरमध्यें आपल्याजवळ आणविलें. साखळीच्या जागीं प्यूसँनें बाह्या बांधावयाचा अंगरखा आणला होता, तेंहि बंधनच, हें खरें. तरी एका साध्या मनुष्याच्या निरीक्षणानें वैद्यकाची दृष्टि बदलली, ही गोष्ट खोटी ठरत नाहीं.

आजच्या वॉर्डांत या निरीक्षणाचें मोल कसें कळतें, याला एक उदाहरण पुरे आहे. असें समजावें कीं एक पंचविशींतला तरुण गांवाहून आला आहे. शेजारी आपल्याविरुद्ध कट करतात, भिंतींतून आवाज येतात, असें त्याला वाटे. औषध सुरू झालें, आवाज कमी झाले. पांचव्या-सहाव्या दिवशीं तो वॉर्डांत येरझारा घालूं लागतो. जेवणाच्या पंक्तींत बसतो आणि लगेच उठतो. खाटेवर टेकतो तों पाय हलवूं लागतो. उभा असला तरी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतो. रात्रपाळीच्या नोंदींत कोणी लिहितें, ‘रुग्ण अस्वस्थ व प्रक्षुब्ध.’ या शब्दांवर विसंबून पाहिलें तर अर्थ सरळ निघतो: रोग उसळला आहे, औषध वाढवावें.

आणि येथेंच घात होतो. कारण ही अस्वस्थता पुष्कळदां रोगाची नसते, औषधाची असते. तिला अकॅथीझिया म्हणतात; ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ ‘बसतां न येणें’. प्राग येथील हाश्कोवेत्स या वैद्यानें १९०१ मध्यें हें नांव दिलें, तेव्हां मनोविकारावरचीं आजचीं औषधें जन्मासहि आलीं नव्हतीं. १९५२ मध्यें पॅरिसमध्यें क्लोरप्रोमॅझिन या औषधाचा मनोरुग्णांवर उपयोग सुरू झाला आणि मग हा विकार वॉर्डावॉर्डांतून दिसूं लागला. त्यावर त्याच औषधाची मात्रा वाढविणें म्हणजे आगींत तेल ओतणें. रुग्ण अधिक येरझारा घालतो, अधिक प्रक्षुब्ध ठरतो, मात्रा आणखी वाढते. ही यातना इतकी असह्य असते कीं कित्येक रुग्ण औषध कायमचें टाकून देतात, आणि कांहींच्या मनांत जीव देण्याचे विचार येतात.

जाणती परिचारिका अशा वेळीं काय करते? ती त्या तरुणाबरोबर वॉर्डाच्या दुसऱ्या टोंकापर्यंत चालत जाते. ‘अहो, गप्प बसा’ असें न म्हणतां विचारते, “दादा, बसावेंसें वाटतें, पण बसवत नाहीं, असें होतें का?”

तो थांबतो. “होय सिस्टर. पाय बसूं देत नाहींत. आंतून कोणी ढकलतंय असं होतं.”

“हें औषध सुरू होण्याच्या आधीं होत होतें?”

“नाही. तेव्हा आवाज होते. पाय बरे होते.”

या एका प्रश्नांत अर्धें निदान आहे. ज्याला रोगाच्या भीतीनें चैन पडत नाहीं तो आवाजांविषयीं, शत्रूंविषयीं बोलतो. ज्याला औषधानें चैन पडत नाहीं तो पायांविषयीं बोलतो. मग ती त्याला बसवून दोन मिनिटें आणि उभा करून दोन मिनिटें, इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलत, त्याचे पाय पाहते. १९८९ मध्यें बार्न्स यानें या विकाराचें माप घेण्याची जी पद्धति घालून दिली, तींत निरीक्षणाचा भाग एवढाच आहे. तिला ना यंत्र लागतें ना खर्च. त्यानंतर नोंद अशी होते: ‘औषध सुरू झाल्यापासून पांचव्या दिवशीं बसतां येत नाहीं, पायांत ओढ असल्याचें स्वतः सांगतो, आवाज नाहींत, उभा असतां सतत पाय बदलतो.’ डॉक्टर मात्रा कमी करतात, औषध बदलतात, किंवा प्रोप्रॅनोलॉल देतात. ‘प्रक्षुब्ध’ हा शब्द निर्णय आहे. ‘पाय बदलतो’ ही पाहिलेली गोष्ट आहे. नोंदवहींत आधीं पाहिलेली गोष्ट यावी, निर्णय मागून.

अशींच आणखी कांहीं सोंगें रोग घेतो. वृद्ध रुग्ण तिन्हीसांजेला एकाएकीं बहकतो, अंथरुणावरून न दिसणारे किडे वेंचतो, सकाळीं पुन्हां बराच शुद्धीवर येतो. याला जुन्या बायका ‘वात झाला’ म्हणत, आणि त्या बरोबर म्हणत. असा चढउतार वेडापेक्षां ताप, तुंबलेली लघवी किंवा फुप्फुसाचा दाह सुचवितो. दारूच्या आहारीं गेलेला मनुष्य इस्पितळांत येऊन दोन-तीन दिवस झाले कीं थरथरूं व भ्रमूं लागतो. दाखल होतांना कोणी दारूविषयीं विचारलें नसेल तर तो वेडाचा झटका समजला जातो. लिथियम घेणाऱ्याला वैशाखाच्या उन्हांत हगवण लागली, हात कांपूं लागले, चाल अडखळली, तर तें औषध अंगांत सांचून विष झाल्याचें लक्षण असूं शकतें. तेथें सकाळच्या फेरीची वाट पाहावयाची नसते.

आणि एक सोंग सर्वांत फसवें. अनेक आठवडे खिन्नतेनें मान खालीं घालून बसलेली स्त्री एके सकाळीं वेणी घालते, सर्वांशीं गोड बोलते, आपली शाल शेजारणीला देऊन टाकते. नातलग आनंदून म्हणतात, बरी झाली. पुष्कळ वेळां ती खरोखरीच सुधारत असते. पण कधीं कधीं ही शांति म्हणजे मनांतला झगडा संपून जीव देण्याचा निश्चय झाल्याची खूण असते. कोणतें खरें, हें ओळखावयाचें कसें? विचारून. ‘मरणाचे विचार येतात का?’ असें सरळ विचारल्यानें तो विचार मनांत रुजतो, ही भीति निराधार आहे. ज्याच्या मनांत तो विचार आहे त्याला बहुधा कोणी विचारलें याचें हलकें वाटतें. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं असा रुग्ण आहे त्यांनींहि हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

हातपाय बांधण्याचा प्रश्न मात्र याहून कठीण. भारतांत २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यापासून लागू आहे. साखळ्या घालण्यास त्यानें पूर्ण बंदी केली. शरीराचें बंधन केवळ तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताच उपाय नसेल तेव्हां, जबाबदार मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीनें, आवश्यक तेवढाच वेळ. शिक्षा म्हणून नव्हे, आणि माणसें कमी आहेत या सबबीवरहि नव्हे. प्रत्येक प्रसंगाची नोंद ठेवावी लागते व रुग्णाच्या नियुक्त प्रतिनिधीस चोवीस तासांत कळवावें लागतें. कलम सुरेख आहे. पण मध्यरात्रीं एकटी परिचारिका, मोठा वॉर्ड, आणि एक रुग्ण खिडकीच्या कांचेवर मूठ आपटीत आहे, अशा वेळीं ‘दुसरा उपाय’ म्हणजे त्याच्याजवळ अर्धा तास बसूं शकेल असा मनुष्य. आणि तोच नेमका नसतो. कायद्यानें सबब काढून घेतली, माणूस दिला नाहीं.

तरीहि त्या अर्ध्या तासाची तयारी संध्याकाळींच होऊं शकते. खिडकीवर मूठ आपटणारा रुग्ण बहुधा दुपारपासून आवाज चढवीत असतो, भेटीस येणारा भाऊ आला नाहीं म्हणून दाराकडे पाहत असतो. दुपारच्या पाळीच्या परिचारिकेनें हें पाहिलें, आणि रात्रीच्या पाळीवर आलेल्या बाईला किल्ल्या देतांना खाट क्रमांकाबरोबर इतकेंच सांगितलें, ‘याचा भाऊ आज आला नाहीं, निजानीज होण्यापूर्वीं त्याच्याशीं बोला,’ तर ती रात्रपाळीची बाई फेरीची सुरुवात त्याच्याच खाटेपासून करते.