गुंठ्याचा उतारा आणि हिशेबी रकाना

श्रोतेहो, तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्याकडे भाताची खाचरं सारखी नसतात. एकाचं दहा गुंठ्यांचं, शेजाऱ्याचं भरला एकर. झोडणी आटोपली की पारावर प्रश्न एकच, "गुंठ्याला उतारा किती पडला?"

समजा, दहा गुंठ्यांत तीनशे किलो भात झालं आणि चाळीस गुंठ्यांत आठशे. उतारे तीस आणि वीस. मग गावाचा उतारा पंचवीस म्हणायचा का? नाही. अकराशे किलोंना पन्नास गुंठ्यांनी भागा, बावीस येतात. पीक-कापणीच्या प्रयोगांना नमुना-पाहणीचं शास्त्र लावणाऱ्यांत डॉ. पां. वा. सुखात्मे होते. ते आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. त्यांच्या क्षेत्रात अशा सरासरीला फार जपावं लागतं.

शिक्षकमित्रहो, एक्सेलमधलं पिव्होट टेबल वहीतल्या शेकडो ओळींचा गाववार गोषवारा काढून देतं. त्यात 'कॅल्क्युलेटेड फील्ड', म्हणजे हिशेबी रकाना, घालता येतो. उत्पन्न भागिले क्षेत्र एवढंच सूत्र द्या, बावीस बरोबर येतात. कारण हा रकाना आधी बेरजा करतो, मग सूत्र लावतो.

पण याच स्वभावामुळे तो फसवतोही! भाव क्विंटलला एकाला तीन हजार मिळाला, दुसऱ्याला अडीच हजार. खरी रक्कम नऊ हजार अधिक वीस हजार, म्हणजे एकोणतीस हजार. आता सूत्र 'क्विंटल गुणिले भाव' असं दिलंत, तर तो अकरा क्विंटलांना भावांच्या बेरजेने, साडेपाच हजारांनी, गुणील. साडेसाठ हजार! सोसायटीच्या सभेत हा आकडा वाचला गेला तर काय गोंधळ उडेल, बघा. म्हणून गुणाकार मूळ वहीतच ओळीओळीला करावा आणि तक्त्यात फक्त बेरीज घ्यावी.

गावं पुष्कळ असली की हे काम व्हीबीएच्या आज्ञावलीकडून करून घ्यावं. तक्त्याच्या कॅल्क्युलेटेड-फील्ड्सना 'ॲड' ही आज्ञा द्यायची. आधी रकान्याचं नाव, मग बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारं सूत्र. एवढ्याने रकाना तयार होतो, पण दिसत नाही. त्याचं ओरिएंटेशन 'एक्सएल-डेटा-फील्ड' केलं की तो तक्त्यात येतो. आज्ञावली दुसऱ्यांदा चालवली तर त्याच नावाचा रकाना आधीच असल्याने ती अडते. तेव्हा आधी तो आहे का, ते पाहायला सांगावं.

एखाद्या गावाचं क्षेत्रच लिहिलं नसेल तर शून्याने भागल्याची चूक दिसते. ती झाकण्याची सोय आहे. मी ती वापरत नाही. उणीव डोळ्यांना दिसलेली बरी. मात्र एकाच शेतकऱ्याचं क्षेत्र लिहायचं राहिलं तर कसलीच खूण येत नाही, उतारा गुपचूप वाढतो. तेवढी वही आधी हातानेच तपासावी लागते.