नाते सिद्ध करण्याचा भार कोणावर?

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सामाजिक विम्याचा विषय निघाला की आपण वर्गणीचा दर, वेतनमर्यादा आणि लाभाची रक्कम यांची चर्चा करतो. मी अर्थशास्त्राचा शिक्षक. वर्गात मीही तेच शिकवीत आलो. निवृत्तीनंतर एका युनियनच्या कचेरीत अर्ज लिहून देण्यासाठी बसू लागलो, तेव्हा ध्यानात आले की ही सारी गणिते एका साध्या प्रश्नापाशी अडून पडतात. तो प्रश्न असा : "मयत तुमचे कोण?"

गेल्या वर्षी एक बाई आल्या. नवरा कारखान्यात कामाला होता, तो आजाराने गेला. बावीस वर्षांचा संसार, दोन मुले. बाईंचे पहिले लग्न अजाणत्या वयात झाले होते. ते मोडले, पंचांसमोर काडीमोड झाली आणि पुढे या गृहस्थाशी त्यांचा पाट लागला. गावाने तो मानला, सासूने मानला, रेशनकार्डाने मानला. मृत्यूनंतर मात्र दिराने एक तक्रारअर्ज टाकला आणि विधवा-पेन्शन थांबली. पहिल्या नवऱ्यापासून घटस्फोट झाल्याचा न्यायालयाचा हुकूमनामा कोठे आहे, अशी विचारणा झाली. भरीला तीन कागदांवर तीन नावे : शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, जुन्या मतदारयादीत पहिल्या सासरचे, बँकेच्या पुस्तकात दुसऱ्या सासरचे.

कायदा काय म्हणतो? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या २९ व्या कलमाने रूढीने मान्य केलेला घटस्फोट अबाधित ठेवला आहे. म्हणजे काडीमोड बेकायदा नव्हे. परंतु रूढीचा आधार घेणाऱ्याने ती रूढी सिद्ध केली पाहिजे. आणि येथे ते पंच वारले आहेत, लिहून तर कोणीच काही ठेवले नव्हते. जातपंचायतींचे मी समर्थन करीत नाही, त्यांचा जाच आपण सर्व जाणतो. पण ज्या कष्टकरी समाजांनी विधवेला आणि टाकलेल्या स्त्रीला पुन्हा संसार मांडण्याची मुभा दिली, त्यांच्याच लेकी आज कागदाअभावी उघड्या पडाव्यात, आणि ज्या वर्गात पाट हा शब्दही हलका मानला जाई, त्यांच्या हाती निमंत्रणपत्रिका, छायाचित्रे आणि नोंदणीचा दाखला असा पुरावा आपसूक असावा, यात एक वर्गीय अन्याय आहे.

बरे, हे काही दानधर्माचे पैसे नव्हेत. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत मालकाच्या हिश्श्यातून वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम वळती होते. ते कामगाराचे पुढे ढकललेले वेतनच होय. १९४४ साली प्रा. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना मांडली, तिचा पायाही वर्गणी हाच होता. वर्गणी कापताना पगारपत्रकावर नाव असले की पुरते, कोणी नात्याचा पुरावा मागत नाही. तो मागितला जातो देण्याची वेळ आली म्हणजे. तोही घरातला मिळवता माणूस गेल्यानंतर, घरातील सर्वांत दुबळ्या व्यक्तीकडे. रक्कम तरी केवढी? २०१४ साली किमान पेन्शन दरमहा १००० रुपये ठरविण्यात आली. तेवढ्यासाठी वकील लावायचा!

कचेरीतील कारकुनाला मी दोष देत नाही. त्याची अडचण समजून घेतली पाहिजे. त्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात : हक्क नसलेल्याला पैसे देणे आणि हक्क असलेल्याला ते नाकारणे. पहिल्या चुकीवर लेखापरीक्षक आक्षेप घेतो, वसुली निघते, बढती अडते. दुसऱ्या चुकीवर आक्षेप घेणारा कोणी लेखापरीक्षक आपण नेमलेलाच नाही. मग शहाणा माणूस कोणती चूक करील? आणखी एक कागद मागवा, हे त्याच्या दृष्टीने अगदी तर्कशुद्ध वर्तन आहे.

नात्यांची प्रतवारीही पाहा. १९४८ च्या राज्य विमा कायद्यात औरस मुलाला वयाच्या मर्यादेत लाभ सरळ मिळे. अनौरस मुलाला मात्र आपण अवलंबून होतो हेही दाखवावे लागे. जणू बापाच्या मृत्यूनंतर त्याला भूक कमी लागते! २०२० साली संमत होऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने स्त्री-कामगाराच्या अवलंबून असलेल्या सासू-सासऱ्यांना कुटुंबात घेतले, हे चांगले झाले. पण यादी लांबली म्हणून पुरावा सोपा होत नाही.

वास्तविक न्यायालयांची दृष्टी याहून उदार आहे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांच्यासमोर सुमारे पन्नास वर्षे एकत्र नांदलेल्या जोडप्याचे प्रकरण आले. इतक्या वर्षांनी विवाहाचे साक्षीदार आणा म्हणणे गैर आहे, विवाह झाला असे गृहीत धरले पाहिजे आणि तो नाकारणाऱ्यानेच आपले म्हणणे सिद्ध करावे, असा निर्णय झाला. माझी मागणी एवढीच आहे की हे गृहीत कचेरीच्या खिडकीवरही चालावे. कामगार जिवंत असताना त्याने लिहून दिलेले कुटुंबाचे निवेदन खरे धरा. हरकत घेणाऱ्या दिराला पुरावा मागा. आणि वाद मिटेपर्यंत पेन्शन चालू ठेवा.

ही मागणी मान्य होईतो आपल्याला करता येण्याजोगे काम पुष्कळ आहे. प्रत्येक सभासदाचे कुटुंब-निवेदन तो हयात असताना तपासा. पुष्कळांच्या फॉर्मवर लग्नापूर्वी लिहिलेले आईचे नाव तसेच राहिलेले असते. बायकोच्या नावांतील फरकाचे प्रतिज्ञापत्र आजच करून ठेवा. पाट लागलेल्या जोडप्यांना विवाहनोंदणीला घेऊन जा. नवरे लाजतात, बायका लाजत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

त्या बाईंचा दावा आता दिवाणी न्यायालयात आहे. काडीमोडीच्या वेळी हजर असलेले एक गृहस्थ हयात आहेत असे नुकतेच कळले. वय ऐंशीच्या पुढे, गाव एस.टी.च्या रस्त्यापासून आत. पुढील मंगळवारी त्यांची साक्ष आहे. त्यांना आणण्यासाठी कोणाकडून गाडीची सोय होणार असेल, तर सभा संपल्यावर त्यांनी मला भेटावे.