सांगणारीचं नाव

दिवाळी अंकाच्या कथास्पर्धेला यंदा आमच्या बचत गटातून एक कथा जाणार आहे. जिची कथा, तिला लिहिता येत नाही. ती सांगते, आम्ही उतरवून घेतो. बहिणाबाईंची गाणीही लेक सोपानदेवांनी अशीच उतरवून घेतली होती. १९५२ साली पुस्तक निघालं, नाव बहिणाबाईंचंच. आमच्याही कागदावर नाव तिचंच राहील, कुणाला पटो न पटो.

"सासूबाई ओळखतील की गं!" ही तिची धास्ती. मग गाव बदललं, म्हशीची शेळी केली, सासूची जाऊ केली. (खरी जाऊ तिला नाहीच!) भांडण मात्र जसंच्या तसं ठेवलं. तिथंच तर कथा आहे.

शब्द मोजलेत, झेरॉक्सही काढून ठेवू. शनिवारच्या बैठकीत मोठ्यानं वाचणार. तिनं मान डोलावली, की पाकीट पोस्टात.