पाण्यांतील बार

माळशेज घाटाच्या पायथ्यापासून कसाऱ्याच्या घाटापर्यंत ठाणें जिल्ह्याचे मुरबाड व शहापूर हे दोन तालुके सह्याद्रीच्या कुशींत वसलेले आहेत. मृग नक्षत्र लागलें कीं येथें पाण्याचेंच राज्य सुरू होतें. काळू आणि भातसा या नद्या तांबड्या पाण्यानें दुथडी भरून वाहूं लागतात व पुढें उल्हास नदीस जाऊन मिळतात. १८९२ सालीं बांधून पुरा झालेला तानसा तलाव आणि त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं झालेलें भातसा धरण, हीं दोन्ही शहापूर तालुक्यांतलीं. मुंबईच्या घराघरांतील नळाला जें पाणी येतें, त्यांतील मोठा वांटा या डोंगरांतून आलेला असतो. उलटपक्षीं, वैशाख मास आला कीं याच तालुक्यांतील पाड्यापाड्यांवरच्या बायका रित्या हंड्यांची उतरंड डोक्यावर घेऊन पाण्याच्या शोधांत फिरतांना दिसतात. मग काळ्या फत्तरांत सुरुंग लावून विहिरी खणाव्या लागतात.

अशा मुलुखांत पाणी आणि दारू यांची गांठ वारंवार पडते. येथें दारू म्हणजे बंदुकीची दारू, हें चतुर श्रोत्यांस सांगणें नलगे. म्हणून एक साधा प्रश्न येथें विचारण्यासारखा आहे. पाण्याखालीं बंदूक उडते काय?

बहुतेक लोक या प्रश्नाचें उत्तर क्षणाचाही विचार न करितां देतात: "छे! आग आणि पाणी यांचें हाडवैर. पाण्यांत बार उडेल कसा?" हें उत्तर एके काळीं खरें होतें. आज तें खरें राहिलेलें नाहीं. आणि तें अद्याप खरें आहे असें मानून चालल्यामुळें माणसाचा हात, डोळा, कित्येकदां प्राणही जाण्याचा संभव असतो. यासाठीं या प्रश्नाचा थोडा खोल विचार केला पाहिजे.

शहापूरजवळच्या माहुली किल्ल्यावर १६३६ सालीं शहाजीराजे मोंगल व आदिलशाही फौजांच्या वेढ्यांत सांपडले होते. त्या काळची बंदूक तोड्याची असे. सोऱ्यांत भिजवून वाळविलेला सुताचा दोर, म्हणजे तोडा, पेटता ठेवावयाचा, चाप ओढतांच तो नळीच्या कानाशीं ठेवलेल्या रंजकेवर टेकावयाचा, आणि रंजकेची आग कानांतून आंत जाऊन बार उडावयाचा, अशी तिची रचना होती. पावसाची एक सर आली कीं तोडा विझे आणि रंजकेचा चिखल होई. मोहिमेस दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघण्याची जी चाल होती, तिच्या मुळाशीं पूर, चिखल आणि दाणावैरण यांच्या अडचणी होत्याच. पण ओल्या दारूची अडचणही कांहीं लहान नव्हती. १७५७ सालच्या जून महिन्यांत प्लासीच्या लढाईंत पावसाची मोठी सर आली, तेव्हां इंग्रजांनीं आपली दारू ताडपत्र्यांखालीं झांकली. नबाबाची दारू भिजली आणि त्याच्या तोफा मुक्या झाल्या. एका सरीनें लढाईचा रंग पालटला.

परंतु या ठिकाणीं पाण्यानें नेमकें काय केलें, हें पाहिलें पाहिजे. बंदुकीची काळी दारू शंभर भाग घेतली तर तींत सुमारें ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतो. चुलींतील लांकूड बाहेरच्या हवेंतील प्राणवायु घेऊन जळतें. म्हणून निरांजनावर भांडें उपडें घातलें कीं तें थोड्याच वेळांत विझतें. दारूचें तसें नाहीं. जळण्यास लागणारा प्राणवायु सोऱ्याच्या पोटांतच बांधलेला असतो. प्रवासाला निघालेल्या शहाण्या माणसाप्रमाणें दारू आपली शिदोरी बरोबर घेऊनच निघते. तिला बाहेरच्या हवेची गरज नाहीं. पाणी तिचा घात करतें तें हवा तोडून नव्हे, तर सोरा विरघळवून. सारांश, दारूपर्यंत पाणी पोंचूं दिलें नाहीं आणि ठिणगी आंतल्या आंत पाडतां आली, तर भोंवतीं समुद्र असला तरी बार उडावयास हरकत नाहीं.

या दोन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकांत साधल्या. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ या धर्मोपदेशकास पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजक भडकतांच तिचा उजेड पाहून पक्षी सावध होत आणि नेम फुकट जाई. यावर उपाय म्हणून त्यानें आघात होतांच पेट घेणारा पदार्थ बंदुकीस योजिला व १८०७ सालीं त्याचा हक्क मिळविला. त्यांतून पुढें टोपीची बंदूक निघाली. नंतर टोपी, दारू आणि गोळी हीं तिन्ही एकाच पितळी नळकांड्यांत बंद झालीं. हेंच काडतूस. चांगलें काडतूस कांहीं काळ पाण्यांत राहिलें तरी आंतली दारू कोरडी असूं शकते, आणि घोड्याचा आघात बसला कीं पाण्याखालींही तें उडतें. प्रत्येक बंदुकीचा घोडा पाण्यांत पुरेशा जोरानें पडेलच असें नाहीं. पण न उडण्याचा भरंवसा कोणीही देऊं नये.

बार उडाला, तरी गोळीचें काय होतें? पाणी हवेपेक्षां सुमारें आठशें पट दाट असतें. विहिरींत उडी घेतांना अंग आडवें पडलें कीं पाण्याची चपराक कशी बसते, हें पोहणाऱ्यास ठाऊक आहे. हीच चपराक गोळीला शतपट बसते. नॉर्वेचे पदार्थविज्ञानवेत्ते आंद्रेआस वाल यांनीं २०१६ सालीं पोहण्याच्या तलावांत स्वतःवर रोखलेली रायफल पाण्याखालींच दोरीनें उडविली. बार झाला, पण गोळी त्यांच्यापर्यंत न पोंचतां तळाशीं गेली. आणखी नवल असें कीं, पाण्यावर वरून झाडलेली अति वेगवान गोळी हात दोन हातांतच फुटून तिचे तुकडे होतात, आणि मंद गोळी तिच्यापेक्षां पुढें जाते. सोव्हिएट रशियानें १९७० नंतरच्या दशकांत पाणबुड्या सैनिकांसाठीं खास बंदूक केली. तिच्यांत गोळीऐवजीं सुमारें १२ सेंटिमीटर लांबीचा पोलादी खिळा असे. पांच मीटर खोलीवर तिचा पल्ला सुमारें ३० मीटर, तर चाळीस मीटर खोलीवर तो ११ मीटरांवर येई.

तेव्हां नदीकांठच्या हौशी शिकाऱ्यानें तीन गोष्टी ध्यानांत धराव्यात. पहिली ही कीं, पाण्यांतला मासा दिसतो तेथें नसतो. प्रकाशकिरण वांकल्यामुळें चार हात खोल असलेला मासा वरून तीन हातांवर भासतो. दुसरी गोष्ट अशी कीं, मुलें चपटा दगड आडवा फेकून त्यास पाण्यावर उड्या घ्यावयास लावतात, तशीच तिरपी झाडलेली गोळीही पाण्यावरून उसळते आणि पैलतीरावर कपडे धुणाऱ्या बाईपर्यंत जाऊं शकते. तिसरी आणि सर्वांत घातक गोष्ट नळीची. नळीच्या तोंडांत पाणी शिरलें कीं तें बुचासारखें बसतें. मागून येणाऱ्या वायूस तें क्षणांत ढकलतां येत नाहीं, आणि छऱ्याच्या बंदुकीची पातळ नळी झाडणाऱ्याच्या हाताशींच फाटते.

बंदुका थोड्यांच घरीं असतात; सुरुंगाचें काम मात्र गांवोगांव चालतें. विहीर खणतांना भोंकांत पाझर येतो, आणि "बार भिजला, आतां मेला" असें म्हणून पहार घालण्याचा मोह होतो. येथेंच मृत्यु दबा धरून बसलेला असतो. इंग्लंडांतील विल्यम बिकफर्ड यानें १८३१ सालीं जी सुरक्षित वात शोधून काढली, ती पाण्याखालींही जळत राहते. आल्फ्रेड नोबेल याच्या पहिल्या डायनामाइटास पाण्याचा उपसर्ग होई. त्यानें १८७५ सालीं काढलेल्या जिलेटिनास तो फारसा होत नाहीं. त्यानंतर तर अशीं मिश्रणें निघालीं आहेत कीं ज्यांच्या घटकांत पाणीच असतें! अशा मालाला पाझराची भीति ती काय? वात ओलसर होऊन मंदावली तर बार उशीरां उडतो, इतकेंच. म्हणून न उडालेल्या बाराजवळ ठरलेला वेळ सरेपर्यंत कोणी फिरकूं नये, त्या भोंकांत पुनः पहार घालूं नये, आणि त्याचा निकाल परवानाधारक जाणत्या माणसाकडूनच लावावा. कंत्राटदाराचा अर्धा दिवस बुडाला तर तो उद्यां भरून निघतो. मजुराचा गेलेला हात निघत नाहीं.

डोहांत बार टाकून मासे मारणारेही याच अज्ञानाचे धनी. पाणी दाबलें जात नाहीं. म्हणून स्फोटाचा धक्का त्यांत हवेपेक्षां फार जोरानें पसरतो, माशांच्या पोटांतील हवेच्या पिशव्या फोडतो, आणि अंडीं व पिलें यांसकट डोह ओस करून टाकतो. १८९७ सालच्या कायद्यानेंच ही रीत गुन्हा ठरविली होती. कायद्याचें भय बाजूस ठेवलें, तरी मासे वेंचण्यास डोहांत उतरलेल्या माणसाच्या छातींतही हवाच असते, हें विसरतां कामा नये.

जुन्या पेटींत, पुराच्या गाळांत किंवा उपसलेल्या विहिरींत एखादें हिरवट पडलेलें काडतूस सांपडलें, तर मुलांच्या हातीं तें खेळावयास देऊं नये आणि आपणही तें घासून पुसून पाहूं नये. जागच्या जागीं राहूं द्यावें आणि पोलिसांस कळवावें. पाणी गोळीची धांव रोखतें, हें खरें. पण पाण्यानें दारूचा राग शमतोच, असें नाहीं. ज्या आगीनें आपली शिदोरी बरोबर आणली आहे, ती ओली दिसली म्हणून विझली असें समजूं नये.